अल्बम येण्याआधीच लिहून ठेवलेला मेसेज

पत्र

आदरणीय ताई, स. न. वि. वि.

माझे वय २९. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो आणि जुळे सोलापुरात आई, वडील व धाकट्या बहिणीसह राहतो. पुण्यातील पाच जणांच्या एका लहान मराठी इंडी बँडचा मी चार वर्षांपासून चाहता आहे. त्यांचे नाव छापू नये ही विनंती, कारण ते छापल्यास सोलापुरातील त्यांचा चाहता कोण, हे शोधायला कोणाला फार कष्ट पडणार नाहीत.

त्यांचा आठ गाण्यांचा पहिला अल्बम मला तोंडपाठ आहे. दुसरा अल्बम दोन वेळा जाहीर झाला आणि दोन्ही वेळा लांबला. आता पुढील महिन्यातील एक शुक्रवार नक्की झाला असून दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, पुण्यात त्यांचा छोटा कार्यक्रम आहे. मात्र आधी प्रसिद्ध केलेली दोन गाणी ऐकून माझा विरस झाला. जुनी गिटार गेली, सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुरांचा की-बोर्ड आला आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे गेला. चार वर्षे वाट पाहून हेच मिळणार असेल, तर आपली फसवणूक झाली असे वाटते. मी त्यांना दीड पानी मेसेज लिहून ठेवला आहे. पहिल्या अल्बमच्या वाटेवर परत या, असे त्यात कळकळीने लिहिले आहे. अजून पाठवलेला नाही.

घरी या विषयाची थट्टाच होते. आईला वाटले, बँड इंडी गावचा आहे आणि लग्नात वाजवतो. बहीण म्हणते, ‘दादा, तुझ्या बँडला अख्ख्या सोलापुरात तू एकटाच ऐकतोस.’ बँडने ७०० रुपयांत सीडीची आगाऊ नोंदणी सुरू केली आहे. आमच्याकडे सीडी प्लेअरच नाही. मेसेज पाठवू का? सीडी घेऊ का? आणि इतकी वाट पाहणे हा वेडेपणा आहे का?

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर

ता. क. पुण्याला गेलोच, तर बँडसाठी शेंगाचटणी नेलेली चालेल का?

उत्तर

प्रिय वाचकमित्र,

मेसेज पाठवू नका. निदान अल्बम पूर्ण ऐकून होईपर्यंत तरी पाठवू नका, आणि ऐकून झाल्यावर आज लिहिलेला मजकूर तुम्हाला जसाच्या तसा पाठवावासा वाटेल, असे मला वाटत नाही. सीडी मात्र घ्या. वेडेपणाच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते एवढ्यावरच सोडून मी मेसेजकडे वळते, कारण तुमचे खरे पत्र तेच आहे. मला आलेले हे पत्र त्याची प्रस्तावना वाटते.

त्याआधी एक सांगते. आईंच्या प्रश्नाला हसू नका. सोलापुरात ‘इंडी’ म्हटले की विजयपूरच्या गाडीला लागणारे इंडी रोड स्टेशन आणि तिकडची लिंबे आठवावीत आणि ‘बँड’ म्हटले की वरातीपुढचा बँड आठवावा, यात काहीच चूक नाही. इंडी हे ‘इंडिपेंडंट’चे आखूड केलेले रूप आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की या बँडच्या पाठीशी कोणतीही मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, स्टुडिओचे भाडे, मिक्सिंग, मुखपृष्ठ, प्रसिद्धी हा सारा खर्च ही मंडळी स्वतःच्या खिशातून करतात. या अर्थाने पाहिले तर वरातीपुढचा बँडही इंडीच असतो, हे आईंना जरूर सांगा.

आता तुमच्या पत्रातील ज्या शब्दापाशी मी थांबले, त्याविषयी. तुम्ही लिहिता, ‘आपली फसवणूक झाली.’ फसवणूक होण्यासाठी आधी कोणीतरी शब्द द्यावा लागतो. दुसरा अल्बम पहिल्यासारखाच असेल, असे या बँडने तुम्हाला कधी सांगितले होते का? तसे सांगितल्याचे तुमच्या पत्रात कुठेही नाही. ते तुम्ही चार वर्षे तीच आठ गाणी ऐकताना स्वतःशी ठरवत गेलात, आणि बँडला त्याचा पत्ताही नाही. मनातल्या मनात तुम्ही नववे, दहावे, अकरावे गाणे रचून ठेवले आहे आणि आता प्रत्यक्षात आलेली गाणी त्यांच्याशी जुळत नाहीत म्हणून तुम्ही नाराज आहात. हिशेबाचे काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: जे येणे कोणी कबूल केलेले नाही, ते आपण थकबाकीत धरत नाही.

असे का होते, याचा विचार करताना मला आपले शहरच आठवते. सोलापुरात गाणे ही सहसा एकट्याने ऐकण्याची गोष्ट नसते. गणपतीच्या मिरवणुकीतील लेझीम आणि हलगी, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतील पाळण्यांजवळचे कर्णे, हुतात्मा स्मृती मंदिरातील नाट्यसंगीताची मैफल, पूर्व भागातील एखाद्या घरातून रस्त्यावर येणारे तेलुगू गाणे आणि त्याच रस्त्यावर पुढे एखाद्या दुकानात सकाळी लागलेले कन्नड भजन, असे इथले संगीत चारचौघांत कानावर पडते. ते आपल्याला आवडले नाही तरी शेजारी कोणीतरी मान डोलावत असतो आणि त्या मान डोलावण्यामुळे आपले मत जरा सैल होते. तुमच्या बँडच्या बाबतीत असा शेजारी तुम्हाला कधीच मिळाला नाही. कारखान्यात जाता-येता, रात्री गच्चीवर, कानात इअरफोन घालून तुम्ही त्यांना ऐकले. कोणी तुमच्याशी वाद घातला नाही, कोणी ‘मला तिसऱ्यापेक्षा सहावे गाणे आवडते’ असेही म्हटले नाही. आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नसलेली वस्तू हळूहळू आपल्या मालकीची वाटू लागते, आणि मालकाला न विचारता घराचा रंग बदललेला कसा चालेल? तुमच्या दीड पानी मेसेजमागे हीच तक्रार असावी, असा माझा अंदाज आहे.

मी हे उंचावर बसून सांगत नाही, कारण या वाटेने मीही गेले आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, नवी पेठेतील एका दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की आठवडाभराने गाणी भरून मिळत. माझी कॅसेट ९० मिनिटांची होती, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटे, आणि पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ऐन अंतऱ्यात तुटले होते, कारण भरणाऱ्याने मिनिटांची बेरीज केली नव्हती. ती कॅसेट मी पाच-सहा वर्षे ऐकली. पुढे तेच गाणे पूर्ण ऐकायला मिळाले, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की हे उगाच लांबवले आहे. संगीतकाराने केलेले गाणे मला चुकीचे वाटत होते आणि दुकानात तुटलेले गाणे बरोबर वाटत होते, कारण माझे कान त्या तुटण्याला सरावले होते. पूर्ण गाण्याशी माझे सूत जुळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे संगीतकाराचा पत्ता असता, तर मीही काहीतरी लिहिलेच असते, आणि आज त्याची मला लाज वाटली असती.

अल्बम दोनदा लांबल्याचा राग तुम्ही स्पष्ट लिहिलेला नाही, तरी तो आहे. म्हणून या कामाला वेळ का लागतो, ते थोडे सविस्तर सांगते. गाणी बसवून झाली की आधी मार्गदर्शनापुरते एक कच्चे गायन-वादन मुद्रित करतात. त्याच्या आधाराने ड्रम्स, मग बेस, मग गिटार आणि सिंथ, आणि बहुधा सर्वांत शेवटी गायन. ड्रम्ससाठी अनेक मायक्रोफोन आणि बऱ्यापैकी मोठी, आवाज न घुमणारी खोली लागते, म्हणून तेवढ्या कामासाठी तासाने भाडे मोजून स्टुडिओ घ्यावा लागतो. बाकीचे पुष्कळसे काम लहान बँड घरीच करतात आणि तेही शेजाऱ्यांचे टीव्ही बंद झाल्यावर. त्यानंतर मिक्सिंग, म्हणजे प्रत्येक आवाजाची जागा आणि पातळी ठरवणे, आणि मग मास्टरिंग, म्हणजे सर्व गाणी एका अल्बमची वाटावीत आणि कोणत्याही यंत्रावर नीट वाजावीत, यासाठी शेवटचा हात फिरवणे. एवढे झाल्यावरही बँडला आपली गाणी स्पॉटिफायसारख्या स्ट्रीमिंग सेवेवर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवेवर, थेट चढवता येत नाहीत. ती वितरकामार्फत द्यावी लागतात आणि तिथल्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी एखादे गाणे सुचवायचे असेल, तर ते किमान ७ दिवस आधी पोहोचावे लागते. नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची जगभरची पद्धत १० जुलै २०१५ पासून रूढ झाली, म्हणूनच तुमच्या बँडनेही शुक्रवार निवडला असणार. पाच जण नोकऱ्या सांभाळून हे करत असतील, तर एकाची रजा नामंजूर होते, गायकाचा घसा बसतो किंवा ठरलेले पैसे कोणाच्या तरी घरच्या आजारपणात जातात. तेवढ्याने एक शुक्रवार हुकतो आणि एक हुकला की पुढचे चार हुकतात.

नामवंतांचीही यातून सुटका नाही. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड १९९० पासून वाजवतो आहे आणि देशभर त्याचे श्रोते आहेत. तरी २०१४ च्या अल्बमनंतर त्यांचा पुढचा अल्बम यायला २०२३ उजाडले. त्याच बँडचे तबलावादक आणि गायक अशीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. त्यांचा सहभाग असलेली गाणी बँडने पुढच्या वर्षी दर महिन्याला एक याप्रमाणे विनामूल्य दिली. त्यानंतरचा इंडियन ओशन आधीसारखा वाजला नाही, आणि तो तसा वाजावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मात्र मला तुम्हाला जे उदाहरण सांगायचे आहे, ते याहून कमी माहितीतील आहे. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील द रेन्स हा चौघांचा बँड नोकरी-संसार सांभाळून गाणी करत असे. त्यांचा तिसरा अल्बम २००३ मध्ये आला आणि जाणकारांनी तो डोक्यावर घेतला. चौथा अल्बम होत आला आहे, असे त्यानंतर वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. त्यातील एक गीतकार एकेका गाण्यावर पुनःपुन्हा हात फिरवत राहिला, दुसऱ्याचा धीर सुटत गेला, आणि शेवटी २०२१ मध्ये त्या दुसऱ्याने आपल्या वाट्याची गाणी वेगळ्या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. बँड संपला. अठरा वर्षे वाट पाहणाऱ्यांच्या हाती तो अल्बम कधीच आला नाही. तुमच्या बँडने तारीख जाहीर केली आहे, म्हणजे पाच जणांनी एका खोलीत बसून ‘आता पुरे, हे असेच जाऊ द्या’ असे एकमताने म्हटले आहे. तुम्ही सिंथच्या दुःखात असताना ही गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली, असे मला वाटते.

सिंथविषयी मात्र मी तुमची बाजू अगदीच सोडणार नाही. बदल केला म्हणून तो चांगलाच असतो, असे नव्हे. काही बँड खरोखरच आपले बलस्थान सोडून भलतीकडे जातात. पण तुमच्या हाती आत्ता दोनच गाणी आहेत. आधी सोडायची गाणी बहुधा अशी निवडतात की जी पहिल्या अर्ध्या मिनिटात कान पकडतील, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याखेरीज ते ऐकणे मोजलेच जात नाही. अल्बममधील संथ, लांब, एका गिटारवर उभे असलेले गाणे असे आधी कोण सोडणार? शिवाय गायकाचा आवाज मागे गेल्याचे तुम्ही कशावर ऐकून ठरवले? फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळपास नाहीसेच होतात आणि थरावर थर असलेले मिश्रण एका गोळ्यासारखे ऐकू येते. गिटार आणि आवाज एवढेच असलेल्या पहिल्या अल्बमला त्याचा फटका बसत नव्हता. वायरचे साधे, बरे इअरफोन घ्या आणि ती दोन गाणी पुन्हा ऐका. तरीही आवाज मागेच वाटला, तर तो त्यांनी विचारपूर्वक मागे ठेवला आहे असे समजा आणि का ठेवला असेल, याचा शोध शब्दांत घ्या. कधी कधी गाण्यातील माणूसच गर्दीत हरवलेला असतो.

तुमच्याच कारखान्यातले सांगायचे, तर नवाकोरा टेरी टॉवेल पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही. त्यावर मऊपणासाठी दिलेले फिनिशिंग असते आणि दोन-तीन धुण्यांत ते उतरले की सूत पाणी धरू लागते. पहिल्याच दिवशी टॉवेल परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता, ते आठवून पाहा.

आता पैशांकडे येते, कारण सदिच्छेपेक्षा तिथे तुमचा उपयोग जास्त आहे. स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही भरलेली वर्गणी तुम्ही ऐकलेल्या बँडकडे सरळ जात नाही. सर्वांचे पैसे एका हंड्यात जमा होतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. त्यातही २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला आहे की ज्या गाण्याला मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेलेले नाही, त्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्कापोटी काहीच मिळत नाही. दिवसाला तीन वेळा म्हटले तर एकट्याने वर्षात हजार गाठता येतील, असा हिशेब तुम्ही आता मनात केलाच असेल. तो सोडून द्या. वेगवेगळ्या श्रोत्यांची किमान संख्याही त्या नियमात आहे, आणि गाणे आवाज बंद करून रात्रभर फिरवत ठेवणे हा कृत्रिम प्रकार लक्षात आला, तर त्याचा दंड वितरकाला आणि पर्यायाने बँडलाच भोगावा लागू शकतो. प्रेमापोटी बँडला खड्ड्यात घालण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

म्हणून सीडी. सातशे रुपयांतून छपाई, वेष्टन आणि टपाल वजा जाता जे उरेल, ते थेट त्या पाच जणांचे असेल, आणि स्ट्रीमिंगमधून तेवढे मिळवण्यासाठी त्यांना तुमच्यासारखे कितीतरी श्रोते वर्षभर लागतील. सीडी प्लेअर नसल्याची चिंता करू नका. जुन्या डेस्कटॉप संगणकाला सीडीची खाच असते. तुमच्या कार्यालयात नाही तर एखाद्या आत्याकडे असा संगणक धूळ खात असेलच. शिवाय सीडीसोबत शब्दांची पुस्तिका येत असेल, तर माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. एक काळजी मात्र घ्या: आगाऊ पैसे बँडच्या स्वतःच्या पानावरून, त्यांनीच दिलेल्या यूपीआयवर भरा आणि पावती मागा. प्लेजम्युझिक नावाच्या परदेशी संकेतस्थळाने चाहत्यांकडून अल्बमसाठी आगाऊ रकमा घेतल्या आणि २०१९ मध्ये ते बुडाले, तेव्हा अनेक कलावंतांचे पैसे त्यात गेले. मध्ये जितके हात कमी, तितके बरे. बँडकॅम्पसारखी सेवा डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवून बाकीचे कलावंताला देते आणि ती प्रामाणिक आहे. पण तिची भिस्त पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या परदेशी सेवेवर, आणि भारतातून भारतातच पैसे पाठवण्याची पेपालची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद झाली. जुळे सोलापूर ते पुणे या व्यवहाराला तो वळसा नको.

बहिणीचे बोलणे तुम्हाला टोचले आहे, पण तिने नकळत नेमके बोट ठेवले. तुम्ही एकटेच ऐकता, हेच त्या बँडचे आणि तुमचे दुखणे आहे. तिला पहिल्या अल्बममधील एक गाणे ऐकवा. एकच, आणि त्याआधी प्रस्तावना करू नका. ते वाजत असताना तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसू नका. तिला आवडले नाही तर तो विषय संपला, आणि आवडले तर ती नवीन अल्बम तुमच्या जुन्या आठवणींशिवाय ऐकेल. सिंथवाले गाणे तिलाच जास्त आवडण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा तिच्याशी भांडा. चार वर्षांत तुम्हाला न मिळालेला शेजारी तो हाच.

पुण्याला जाणार असालच, तर असे करा. गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला अल्बम येईल म्हणून फोन घेऊन बसू नका. शुक्रवारी दिवसभराचे काम उरकून, जेवण झाल्यावर गच्चीवर अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने एकदा ऐका; मध्ये थांबू नका, गाणे पुढे ढकलू नका आणि त्या रात्री कोणालाही काहीही कळवू नका. गाणी फोनमध्ये उतरवून घ्या. शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालात, तर चार तास हाताशी असतात. मोहोळ, कुर्डुवाडी, जेऊर ओलांडून भिगवणजवळ उजनीचे पाणी दिसेपर्यंत अल्बम दोनदा ऐकून होईल. परतीचा विचार मात्र आधीच करा, कारण हुतात्मा पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते आणि तेव्हा तुमचा बँड अजून तारा जुळवत असेल. रात्रीच्या गाडीचे आरक्षण मिळाले नाही, तर एसटी आहे किंवा नातेवाईक आहेत. मध्यरात्री स्वारगेटला उभे राहून ‘आता काय’ असे म्हणण्याची वेळ आणू नका.

कार्यक्रमात नवीन गाणे सुरू असताना जुन्या गाण्याची फर्माईश ओरडून करू नका. एवढ्या छोट्या खोलीत ती प्रत्येकाला ऐकू जाते आणि समोरची पाच माणसे चार वर्षांचे काम प्रथमच लोकांपुढे ठेवत असतात. जुनी गाणी ते शेवटी वाजवतीलच. कोणताही बँड इतका निष्ठुर नसतो.

राहिला मेसेज. तो खोडू नका, ठेवून द्या. अल्बम आठ-दहा वेळा ऐकून झाल्यावर तो काढून वाचा आणि नवीन लिहायला बसा. त्यात नेमकेपणा हवा: अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर वाद्ये थांबतात तिथे मी गाडीत इअरफोन काढून आजूबाजूला पाहिले, अशा प्रकारचे एखादे वाक्य त्या पाच जणांना वर्षभर पुरेल. नावडलेलेही लिहा. लहान बँडला खोटी वाहवा नको असते. ती त्यांना मित्रमंडळींकडून फुकट आणि भरपूर मिळते. फक्त ‘मला हे गाणे भिडले नाही’ आणि ‘तुम्ही असे करायला नको होते’ या दोन वाक्यांतील अंतर सांभाळा. पहिले वाक्य श्रोत्याचे आहे आणि ते म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दुसरे वाक्य बँडच्या सहाव्या सदस्याचे आहे, आणि तुम्ही सराव खोलीचे भाडे भरलेले नाही. तुमचा आत्ताचा मेसेज, तुम्ही सांगितलेल्या सारांशावरून, सगळाच्या सगळा दुसऱ्या प्रकारचा आहे. नवीन मेसेज दीड पानाचा होणार नाही, अर्ध्या पानात आटपेल, आणि तो अल्बम निघाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पोहोचला तर अधिक बरे, कारण पहिल्या आठवड्यातील अभिनंदने सरल्यानंतर लहान बँडच्या पदरी जी शांतता येते, तिच्यात कोणीतरी सोलापूरहून लक्ष देऊन ऐकत आहे, हे कळण्याची त्यांना खरी गरज असते.

शेंगाचटणी जरूर न्या. सुटी नेऊ नका; तेल सुटते, म्हणून आधी बरणीत आणि मग दोन पिशव्यांत बांधा आणि सोबत कडक भाकरीचा एक पुडा ठेवा, कारण नुसत्या चटणीचे काय करायचे हे पुण्यात कोणाला सुचेलच असे नाही. चटणी तिखट असल्याचे गायकाला कार्यक्रमानंतर सांगा आणि द्यायचीही कार्यक्रमानंतरच. परतताना सीडी त्या पिशवीत ठेवू नका.

तुमची,
ताई